चित्रकाराला घातलेली अट : ‘गीता प्रवचने’तील भरत-राम आणि पवनारची मूर्ती

देवतेच्या चित्राचा विचार करताना आपली कलासमीक्षा सामान्यतः दोन वाटांनी जाते. एक वाट मूर्तिशास्त्राची. हात किती, आयुधे कोणती, वाहन कोणते, वर्ण कोणता, यांवरून देवता ओळखावयाची आणि त्या लक्षणांच्या काटेकोरपणावरून कृतीची सिद्धी ठरवावयाची. दुसरी वाट आधुनिकांची. देवता हे केवळ निमित्त असून चित्रात जे प्रकट होते ते चित्रकाराचे आत्म होय, असे ती मानते. बा. सी. मर्ढेकरांनी वाङ्मयाच्या संदर्भात जी ‘आत्मनिष्ठा’ मागितली, तीच येथे किंचित बदलून चित्रकाराकडे मागितली जाते. पहिल्या वाटेवर चित्रकार नाहीसा होतो, दुसरीवर देवता. चित्रकार आणि देवता यांच्यामधील नाते हाच ज्याचा विषय आहे अशा चिंतनाला या दोहोंपैकी कोणतीच वाट पुरी पडत नाही.

या दृष्टीने वर्धा जिल्ह्यातील एक प्रकरण मराठी समीक्षेने आजवर घेतले त्याहून अधिक गंभीरपणे घ्यावयास हवे. ते प्रकरण म्हणजे विनोबांनी 1932 मध्ये एका चित्राची केलेली मागणी आणि त्यानंतर सहा वर्षांनी पवनारच्या मातीतून वर आलेले एक शिल्प. हा वृत्तांत आश्रमीय साहित्यात भक्तिभावाने सांगितला जातो, आणि बहुधा त्याच कारणाने समीक्षकांनी तो चमत्कारकथांच्या खणात टाकून दिलेला आहे. वस्तुतः त्यात प्रतिमा, ओळख आणि कर्तृत्व यांविषयीचा एक पूर्ण विचार दडलेला आहे.

धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारी 1932 पासून 19 जून 1932 पर्यंत दर रविवारी एक, याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. बाराव्या अध्यायावरील प्रवचन 8 मे 1932 चे. गीतेच्या या अध्यायात अर्जुनाचा प्रश्न सगुण आणि अव्यक्त यांच्या उपासकांपैकी श्रेष्ठ कोण, असा आहे. विनोबा तो तर्काने सोडवीत नाहीत. ते रामकथेतील दोन भावांकडे वळतात. लक्ष्मण रामाविना राहू शकत नाही. तो वनात जातो, सेवा करतो, सहवास हीच त्याची भक्ती. भरत मात्र रामापासून दूर राहून रामाचे काम करतो. पहिला सगुणाचा दृष्टांत, दुसरा निर्गुणाचा. आणि मग चौदा वर्षांनंतरच्या भेटीशी आल्यावर प्रवचनाची भाषा एकाएकी बदलते. वनात कोण होता आणि अयोध्येकडे कोण, हे पाहणाऱ्याला सांगता येऊ नये इतकी तपाची कांती दोघांच्या मुखावर सारखी होती, असे विनोबा म्हणतात. आणि राम कोणता व भरत कोणता हे कळू नये असे चित्र कोणी काढील तर ते किती पावन होईल, अशी इच्छा बोलून दाखवितात.

वरवर पाहता हा वक्त्याचा एक उमाळा वाटतो. परंतु मागणीचे स्वरूप नीट पाहिले की तिचे धारिष्ट जाणवते. मूर्तिशास्त्राचा सारा व्यापार ओळखीसाठी आहे. धनुष्य असते ते राम ओळखू यावा म्हणून, नांगर असतो तो बलराम ओळखू यावा म्हणून. विनोबांची अट नेमकी उलट आहे. ओळखू येणार नाही अशी देवता त्यांना हवी आहे. चित्र जमले की नाही याची कसोटी ओळख पटणे ही नव्हे, ओळख हुकणे ही आहे. देवतेच्या चित्राविषयी मराठीत झालेल्या विवेचनात याइतकी अपारंपरिक अट दुसरी आढळणे कठीण. आणि ती घालणारा मनुष्य कलेच्या क्षेत्रातला नाही, हे विशेष.

ही अट रामकथेच्या परंपरेला धरूनच आहे, हेही पाहावयास हवे. वाल्मीकीचा भरत नंदिग्रामात जटा आणि वल्कले धारण करून राहतो. म्हणजे वेषाने तोही वनवासीच आहे; फक्त वन त्याने नगराच्या वेशीवर आणले आहे. तुलसीदासांनी तर भरत रूपानेही रामासारखाच दिसतो असे मानले आहे. तेव्हा वर्णाचा, वेषाचा आणि जटांचा फरक परंपरेनेच मिटवून ठेवलेला आहे. चित्रकाराने धनुष्य बाजूला ठेवले की काम झाले, असे कोणाला वाटेल. तसे मात्र नाही. समान वेष दाखविणे ही रेषेची बाब आहे. समान तप दाखविणे ही नव्हे. दोन सारख्या आकृती काढल्या तर ते जुळ्यांचे चित्र होईल, भरत-रामाचे नव्हे. भिन्न वाटांनी आलेली एकच कांती दाखवावयाची तर त्या वाटांच्या भिन्नतेचा काहीतरी माग चित्रात उरला पाहिजे, आणि तरीही तो कोणाच्या मुखावर कोणता हे सांगता येता कामा नये. ही अडचण तंत्राने सुटणारी नाही. ज्याला सगुण आणि निर्गुण या दोन्हींची चव आहे अशाच चित्रकाराला ती सुटेल, असे त्या प्रवचनात गृहीत धरलेले दिसते. म्हणूनच मागणी चित्राची असली तरी अट चित्रकाराला आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. भरताला निर्गुणाचा प्रतिनिधी करताना त्याच्या पादुकांचे काय? सिंहासनावर रामाच्या पादुका ठेवून राज्य चालविणारा भरत दृश्य खुणेवाचून राहिला असे म्हणता येत नाही. आक्षेप खरा आहे. पण तो विनोबांच्या दृष्टांताला मोडीत नाही, उलट त्याचा रंग गडद करतो. पादुका ही देवतेची प्रतिमा नव्हे, तिच्या अनुपस्थितीची खूण आहे. विदर्भाच्या भूमीला अशी खूण नवी नाही. महानुभावांनी चक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने ओट्यांनी चिन्हांकित केली, आणि त्यांच्या स्पर्शाने पुनीत झालेल्या वस्तू जपल्या. मूर्ती आणि शून्य यांच्यामध्ये असा एक तिसरा प्रदेश आहे, आणि भरताची भक्ती त्या प्रदेशातली आहे.

प्रवचनात पुढे कृष्णचरित्रातून उद्धव-अर्जुनाचा दृष्टांत येतो आणि मग विनोबा स्वानुभवाकडे वळतात. हा क्रम अर्थपूर्ण आहे. चित्राची मागणी ही शास्त्रार्थ आणि आत्मकथन यांच्या मधोमध उभी आहे. तिच्या अलीकडे दृष्टांत आहे, पलीकडे स्वतःचे जीवन.

त्या जीवनातील एक तपशील या संदर्भात मोलाचा ठरतो. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. तेथे त्यांचे आजोबा शंभुराव गणेशोत्सवासाठी गणपतीची मूर्ती घरीच तयार करीत, आणि तिच्यासाठी चंदन उगाळण्याचे काम मुलांकडे असे. स्वतः उगाळलेल्या चंदनातून देव आकाराला येताना पाहावयाचा, दहा दिवस त्याची पूजा करावयाची आणि मग तो आपल्याच हातांनी पाण्यात सोडून द्यावयाचा. देवतेशी असलेल्या हस्तकौशल्याच्या नात्याचा हा पहिला संस्कार होय, आणि त्यात निर्मिती व विसर्जन ही एकाच क्रियेची दोन टोके आहेत. मूर्ती करणाऱ्याचा मूर्तीवर हक्क नाही, हे त्यात शब्दांवाचून शिकविले जाते. आधुनिक कलाविचारातील ‘स्वाक्षरी’ या कल्पनेला येथे जागाच नाही. जी मूर्ती अनंतचतुर्दशीला विरघळणार तिच्यावर नाव कोठे कोरावयाचे?

सगुणाचा स्वीकार आणि त्याच्या विसर्जनाची तयारी यांचा हा मेळ वर्ध्याच्या साऱ्या परिसरात वेगवेगळ्या रूपांनी दिसतो. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी 1928 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले केले, तेव्हा मूर्ती तीच राहिली, तिच्यासमोर उभे राहण्याचा अधिकार बदलला. सेवाग्रामच्या बापूकुटीत मीराबहेनने भिंतीच्या मातीतच ताडाची झाडे आणि ॐ उठावात साकारले. तेथे देवतेची आकृती नाही. पण हाताने मातीला दिलेला आकार आहे, आणि तो करणारी स्त्री जन्माने इंग्रज आहे. पुढे 1980 मध्ये गोपुरीत गीताई मंदिर झाले. त्यात मूर्तीच्या जागी श्लोक कोरलेल्या शिला उभ्या आहेत आणि डोक्यावर छप्पर नाही. या तिन्ही ठिकाणी प्रतिमेला नकार नाही. प्रतिमेची जागा मात्र दर वेळी थोडी सरकविलेली आहे. या परिसराला ‘मूर्तिभंजक’ किंवा ‘मूर्तिपूजक’ अशी चिठ्ठी चिकटविणारे विवेचन म्हणूनच उथळ वाटते.

विनोबा पवनारला आले ते 7 मार्च 1938 रोजी. प्रकृती इतकी खालावली होती की वजन 88 पौंडांपर्यंत उतरले होते. धाम नदीच्या काठी असलेल्या जमनालालजींच्या बंगल्यात राहून विश्रांती घ्यावी असे ठरले. नदीचा पूल ओलांडताना ‘संन्यस्तं मया’ असे म्हणून त्यांनी साऱ्या कामांचा भार मनातून उतरवून ठेवला. मग व्यायाम म्हणून रोज थोडे खणावयाचे, असा क्रम सुरू झाला. या खणण्यात दगड लागला. आणि तो वर आला तेव्हा त्यावर कोरीव काम असल्याचे दिसले. भरत-रामाच्या भेटीचे ते शिल्प आहे असे मानले गेले. सहा वर्षांपूर्वी जे चित्र मागितले ते असे हाती यावे, याला विनोबांनी ईश्वराचा प्रसाद मानले. मूर्तीची स्थापना झाली. 1959 मध्ये तेथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाल्यावर ही मूर्ती त्या स्त्री-साधकांच्या आश्रमाचे केंद्र बनली.

योगायोग की प्रसाद, हा वाद समीक्षेचा नव्हे. समीक्षेला ज्यात रस असावा ते वेगळेच आहे. मागणी होती चित्राची, मिळाले शिल्प. मागणी होती भविष्यातील चित्रकाराकडे, उत्तर आले भूतकाळातील अनामिक पाथरवटाकडून. मागणाराच खणणारा ठरला. कर्तृत्वाची ही साखळी जितकी तपासावी तितकी ती निसटत जाते. ‘गीता प्रवचने’ ही संहिताही अशीच आहे. बोलणारा एक, लिहून घेणारा दुसरा, आणि ज्यावर बोलणे चालले आहे तो ग्रंथ तिसऱ्याचाच. साने गुरुजींची भावार्द्र लेखणी या प्रवचनांच्या ओघाला कोठे कोठे लागली असेल याचा शोध शैलीविज्ञानाने घेण्यासारखा आहे. विशेषतः भरतभेटीसारख्या स्थळी, जेथे वाक्ये अचानक मऊ होतात. परंतु तो शोध पूर्ण झाला तरी ‘ही इच्छा कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर एका नावात सामावणार नाही.

पवनारच्या शिल्पांचा पुरातत्त्वीय पक्ष येथे टाळता येत नाही. वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच वाकाटकनृपती दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असे मत मांडले आणि तेथील शिल्पपटांत रामायणातील प्रसंग पाहिले. नागपूर विद्यापीठाच्या वतीने 1967 मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. पुढे रामटेकजवळील मनसरच्या उत्खननांनंतर प्रवरपूर ही ओळख मनसरकडे झुकली. आणि पवनारच्या शिल्पपटांत रामकथाच आहे काय, याविषयीही अभ्यासकांत मतभेद झाले. प्रसंगओळख ही येथे अन्वयाची बाब आहे, आकृतींचे हावभाव आणि मांडणी यांच्या वाचनावर ती उभी आहे.

भक्ताला हे मतभेद खटकतील, आणि संशयवाद्याला त्यांत विजय दिसेल. दोघांनीही बाराव्या अध्यायावरील ते प्रवचन पुन्हा वाचावे. कोण कोणता हे कळू नये अशी मूर्ती ज्याने मागितली होती, त्याला मिळालेल्या मूर्तीतही कोण कोणता हे निःसंशय सांगता येत नाही. अर्थात विनोबांना अभिप्रेत असलेली अनोळख तपाच्या साम्यातून येणारी होती, आणि विद्वानांची अनोळख काळाच्या घर्षणातून आणि लेखाच्या अभावातून आलेली आहे. या दोहोंची गल्लत करणे हा कवित्वाचा मोह ठरेल. तरीही त्या मूर्तीपुढे उभे राहणाऱ्याच्या दृष्टीला दोन्ही अनोळखी एकाच वेळी भेटतात, हे नाकारता येत नाही. शिवाय आणखी एक सूक्ष्म अंतर आहे. विनोबांच्या मनातील भेट वनवासानंतरची, तप पूर्ण झाल्यानंतरची आहे. कीर्तनपरंपरेत ‘भरतभेट’ म्हटली की चटकन आठवते ती चित्रकूटावरची, पादुका मागण्याच्या वेळची. पहिलीत साम्य आहे. दुसरीत याचना आहे. ‘भरतभेट’ हे नाव या दोन प्रसंगांना एकाच पदराखाली झाकते, आणि मूर्तीच्या स्वीकारात ही झाकण उपयोगी पडली असणे शक्य आहे.

आता ही अट आधुनिक चित्रकलेसमोर ठेवून पाहावी. राजा रविवर्म्याच्या मुद्रणालयाने 1894 पासून, प्रथम मुंबईत आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीत, देवतांची शिळाछापाची चित्रे घरोघर पोहोचविली. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती माणसांसारख्या आहेत अशी प्रशंसा झाली आणि त्याच कारणासाठी निंदाही. परंतु ओळखीच्या बाबतीत रविवर्मा पूर्णतः परंपरेतच आहे. कमळ, वीणा, हत्ती, सारे जागच्या जागी आहे. त्याने देवतेला चेहरा दिला. खूण काढून घेतली नाही. रामाच्या बाबतीत ही खूणच पुढे किती जड होत गेली हे अनुराधा कपूर यांनी 1993 मधील आपल्या लेखात दाखविले आहे. सौम्य, कुटुंबवत्सल रामाच्या जागी धनुष्य ताणलेला, स्नायुबद्ध, एकाकी राम भित्तिपत्रकांवर आला. या रामाच्या शेजारी भरत उभा करून पाहावा. तो उभा राहूच शकत नाही. कारण त्या प्रतिमेची सारी शक्ती तिच्या एकमेवपणात आहे. ज्याच्यासारखा दुसरा दिसू शकतो असा राम तेथे निरुपयोगी आहे.

पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे प्रकरण येथे अपरिहार्यपणे आठवते. राममनोहर लोहियांच्या प्रेरणेने त्यांनी हैदराबादच्या बद्रीविशाल पित्ती यांच्याकडे रामायणावरील चित्रांची दीर्घ मालिका केली, आणि ती चित्रे खेड्यांतील लोकांपर्यंतही नेली गेली. 1970 च्या दशकातील त्यांच्या सरस्वतीच्या रेखाटनावरून मात्र 1996 मध्ये वादळ उठले. 2006 मध्ये त्यांनी देश सोडला, 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील फौजदारी कार्यवाही रद्द केली, तरी ते परतले नाहीत. 2010 मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि 2011 मध्ये लंडन येथे ते वारले. या वादात दोन्ही बाजूंनी जो युक्तिवाद झाला तो सारा हक्काच्या भाषेत झाला. एका बाजूने, देवता आमची, तिला हात लावण्याचा तुमचा हक्क नाही. दुसऱ्या बाजूने, चित्रकाराला आविष्काराचा हक्क आहे. दुसरी बाजू न्यायालयात टिकली आणि ती टिकावयासच हवी होती. परंतु हक्काच्या भाषेत न मावणारा एक प्रश्न राहूनच गेला. चित्रकाराला ती देवता कशी भेटली? वाल्मीकी आणि तुलसीदास वाचून, पंडितांशी बोलून ज्याने वर्षानुवर्षे रामकथा रंगविली त्याचे तिच्याशी नाते काय होते? हा प्रश्न विचारणारी समीक्षा त्या गदारोळात फारशी झाली नाही, आणि तिच्या अभावी हुसेन एका गटाला आरोपी आणि दुसऱ्याला प्रतीक म्हणूनच उरले. चित्रकार म्हणून त्यांच्याकडे पाहण्यास सवड झाली नाही.

विनोबांच्या मागणीत चित्रकार कोणत्या धर्माचा, जातीचा, संप्रदायाचा असावा याचा उल्लेख नाही. ‘कोणी’ काढील तर, एवढेच आहे. हा ‘कोणी’ सहज आलेला शब्द नव्हे. ज्या चित्रात रामालाच वेगळे ओळखावयाचे नाही, त्याच्या चित्रकाराला वेगळे ओळखण्याचे प्रयोजन तरी काय? विषयाच्या अनोळखीतून कर्त्याची अनोळख येथे आपोआप निघते. आत्मनिष्ठेच्या कल्पनेला यातून धक्का बसतो, पण ती पुरती बाद होत नाही. कारण या चित्रकाराला स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक राहिल्याशिवाय तपाची कांती दिसणारच नाही. तो अनुभव आपलाच आहे अशी नोंद मात्र त्याला चित्रात ठेवता येणार नाही.

एक गोष्ट मात्र विनोबांनी मागणी करताना मोकळी सोडली आहे. भेटीच्या त्या क्षणी लक्ष्मणही तेथे असणारच. तो चौदा वर्षे वनात होता, तपही त्याचे कमी नाही. पण ज्या साम्यावर हे चित्र उभे राहावयाचे त्यात त्याला स्थान नाही. त्याला काढावे तर तो रामाच्या बाजूला उभा राहील, आणि ज्याच्या बाजूला लक्ष्मण तो राम, ही ओळख क्षणात पटेल; चित्राची अटच मोडेल. त्याला वगळावे तर सगुणाचा जो दृष्टांत प्रवचनाने इतक्या प्रेमाने उभारला तोच चौकटीबाहेर जाईल. सीतेचेही तसेच. भरत-रामाचे चित्र काढावयास बसणाऱ्याला कुंचला उचलण्यापूर्वी पहिला निर्णय राम-भरतांविषयी नव्हे, लक्ष्मणाला कोठे उभा करावयाचा याविषयी घ्यावा लागेल.